उशीखालची नोट

सासूबाई चौतीस वर्षं नर्स होत्या.
माझगावच्या उतारावर अजून कुणीतरी थांबवून विचारतं,
रणभिसे सिस्टर कशा आहेत?
माझ्या लग्नाला त्या आल्या नाहीत.
नाइट ड्यूटी आहे, म्हणाल्या.
ती ड्यूटी त्यांनी मागून घेतली होती
हे मला तीन वर्षांनी कळलं,
तेही त्यांच्याकडूनच, डाळ निवडताना.

आता त्यांना उठवत नाही.
सकाळी सातला मी पाणी कोमट करते,
त्यात डेटॉल, त्या सांगतात तेवढंच, अर्धं झाकण.
आधी तोंड, मग काखा, मग पाठ,
आणि शेवटी ते, ज्याच्याविषयी बोलायचं नसतं.
तेव्हा त्या भिंतीकडे बघतात.
पेशंटला न उचलता चादर बदलायची त्यांची एक रीत आहे,
मी चुकले की टाळूला जीभ लावून 'च्च' करतात.

सगळं आवरलं की हात उशीखाली जातो
आणि दहाची नोट बाहेर येते.
"घे."
"आई, हे काय?"
"फुकट नको."
मी घेत नाही.
मग नोट उशीखाली परत जाते, पण दुसऱ्या बाजूला.
उजवीकडे त्यांच्या, डावीकडे माझ्या.

गुरुवारी पाळकसाहेब येतात.
तारण कमवायचं नसतं, सिस्टर, ते मिळतं,
असं मऊ आवाजात सांगतात.
सासूबाई मान हलवतात. साठ वर्षं हलवत आल्या आहेत.
ते जिना उतरले की मला विचारतात,
"बिस्किटं किती घेतली त्यांनी?"

खोटं कशाला बोलू,
मीही मोजतच होते.
एकीकडे अंघोळी, चादरी, बेडपॅन,
दुसरीकडे ती एक रात्र.
रोज वाटायचं, आता बरोबरी होत आली,
आणि रोज एका च्चनं हिशेब मागे जायचा.
वरून कुणी बघत असेल, असंही वाटायचं.
बघत असेल तर जरा चांगल्या बाजूनं बघावं.

ऑगस्टच्या शेवटी त्यांचा उजवा हात गेला.
पुसून झालं, चादर झाली.
खांदा हलला, हात आला नाही.
पुन्हा हलला.
गोदीत कुठल्याशा जहाजानं भोंगा दिला.
मी टॉवेल पिळत उभी.
मला करता आलं असतं,
नोट काढून त्यांच्या मुठीत ठेवायची
आणि मुठीतून आपण घ्यायची.
केलं नाही.
त्यात चांगुलपणा नव्हता, एवढं नक्की.

त्या माझ्याकडे बघायला लागल्या. भिंतीकडे नाही.
"आज काही नाही गं माझ्याकडे."
जीभ जड, शब्द ओले.
मी म्हणाले, "असू दे."

निघालं माझ्याच तोंडून,
पण माझ्याजवळ ते नव्हतंच कधी.
एवढ्या वर्षांत शोधलं असतं तरी
घरात कुठे सापडलं नसतं.
पंगतीत शेजारून आलेलं ताट
आपण नुसतं पुढे सरकवतो, तसं झालं.
वाढणारा कोण, ते वळून बघायला
मला वेळ मिळाला नाही.

पुढे उशीची खोळ काढली तेव्हा नोटा निघाल्या,
एकेचाळीस, घामानं एकमेकींना चिकटलेल्या.
रविवारी दानाच्या पिशवीत टाकणार होते.
पिशवी समोर आली
आणि लक्षात आलं, मला पावती हवी आहे.
पर्स मिटली. पिशवी पुढे गेली.

उतारावरच्या बेकरीत सगळ्यांची खारी घेतली.
एकेचाळीस नोटांची खारी किती होते!
अख्ख्या मजल्याला पुरली,
खालच्या त्या पानवाल्यालाही, ज्याच्याशी आमचं बोलणं नाही.

एक तुकडा चहात बुडवून त्यांच्या ओठांशी नेला.
"केवढ्याला आणलीस?"
"खा आधी."
क्षणभर थांबल्या.
मग तोंड उघडलं, पिल्लासारखं,
आणि चहा हनुवटीवरून गळ्यात उतरला.
मी पुसला. मोजला नाही.
इथे लिहिला,
म्हणजे मोजलाच म्हणा.